घराची सिद्धता आणि अधिकाऱ्यांचे मौन

'घाबरण्याचे कारण नाही' हे आपल्या देशातील अधिकारीवर्गाचे आवडते वाक्य आहे. नदी पात्राबाहेर येवो, वीज चार दिवस गडप होवो, की कारखान्यातून विषारी वायू सुटो. जनतेच्या वाट्याला हेच एक वाक्य येते. घाबरू नका म्हणजे नेमके काय करा, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि संकट ओसरले की 'नागरिकांनी पुरेशी दक्षता घेतली नाही' असा ठपका ठेवून हीच मंडळी मोकळी होतात! धोका कोणता हेच ज्याला सांगितले नाही, त्याने दक्षता घ्यावयाची ती कशाची, असा आमचा सरळ सवाल आहे.

हा सवाल विचारण्यास भोपाळसारखे दुसरे स्थळ नाही. १ नोव्हेंबर १९५६ या तारखेची ओळख आमच्या सीमाभागातील वाचकांना करून द्यावयास नको. त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या जुन्या सचिवालयातील कितीतरी मराठी नोकरदारांना तिकडे बिऱ्हाडे हलवावी लागली. राजधानीच्या कारभारासाठी तलावांच्या दक्षिणेस जे नवे भोपाळ वसले, त्यातील टी. टी. नगर हा एक प्रमुख भाग. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या आणि १८५९ मध्ये शिवपुरीस फाशी गेलेल्या सेनानीचे हे नाव आहे. तलावांच्या पलीकडे जुने शहर, आणि त्याच्या उत्तर टोकाला युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री त्या कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. वाऱ्याने तो जुन्या शहरावर नेला. सरकारी दप्तरात मृतांचा आकडा हजारांत आहे, बाधितांचा पाच लाखांहून अधिक आहे. गॅसपीडितांच्या संघटना मृतांचा आकडा याहून कितीतरी मोठा सांगतात. टी. टी. नगरास त्या रात्री तुलनेने झळ कमी बसली. ती तेथील रहिवाशांच्या दक्षतेमुळे नव्हे किंवा सरकारच्या कर्तबगारीमुळेही नव्हे. अंतर आणि वाऱ्याची दिशा यांमुळे. वारा वेगळा वाहता तर राजधानीची गतही वेगळी झाली असती.

आता या गोष्टीतील संतापजनक भाग पाहा. हा वायू पाण्याशी संयोग पावतो. तोंडावर ओले फडके धरावे, धावाधाव करून श्वास वाढवू नये, वाऱ्याबरोबर न पळता त्याला आडवे निघून जावे, एवढे तीन धडे ज्या वस्तीला ठाऊक असते, तेथील कितीतरी जीव वाचले असते. त्याला पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हते. एक फडके आणि एक घागर पुरेशी होती. पण कारखान्यात काय साठविले आहे, हेच शेजारच्या झोपड्यांना कोणी सांगितले नव्हते. बाहेरच्या लोकांसाठी असलेला भोंगा त्या रात्री थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला. लोक वाऱ्याबरोबर पळाले आणि विष त्यांच्याबरोबर पळाले.

हे अज्ञान अटळ होते काय? मुळीच नाही! डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला होता. १९८२ मध्ये भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून या शहरावर येऊ घातलेल्या संकटाचा स्पष्ट इशारा दिला होता. ज्यांनी ऐकावयाचे त्यांनी ऐकले नाही, आणि ज्यांना मरावयाचे होते त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही.

माहिती दडविण्याची किंमत पुढच्या पंधरवड्यातच दिसली. कारखान्यात उरलेल्या वायूचे कीटकनाशक बनवून तो संपविण्याचे काम १६ डिसेंबरला सुरू झाले. या वेळी सर्व काही आधी जाहीर केले होते, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडण्याचीही तजवीज होती. तरीही लक्षावधी लोक शहर सोडून गेले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? एकदा गमावलेला विश्वास जाहीर पत्रकाने परत येत नसतो. चाळीस वर्षांनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, त्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला नेला, तेव्हा तेथील जनता रस्त्यावर उतरली, ती याच अविश्वासापायी.

सरकारचा दोष एवढ्या परखडपणे सांगितल्यावर आम्ही आमच्या वाचकांनाही सोडणार नाही. 'व्हायचे ते होईल' म्हणून हात बांधून बसणारे घर सरकारला दोष देण्याचा अर्धा हक्क गमावते. ज्या घरात वीज गेल्यावर काडेपेटीसाठी अंधारात चाचपडावे लागते, ते घर मोठ्या संकटात काय करणार? विजेचे जाणे ही संकटाची रंगीत तालीम आहे. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की नळ थांबतो, मोबाइल मुका होतो आणि बातमी कळत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकरांनी हा अनुभव घेतला. उपसा केंद्रे बुडाली, वीज गेली. सभोवार पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही!

म्हणून विजेरी ठरलेल्या जागी असावी आणि ती जागा घरातील लहान पोरालाही ठाऊक असावी. दोन-तीन दिवस पुरेल एवढे पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि ते बदलत राहावे. सेलवर चालणारा छोटा रेडिओ, रोजची औषधे, कागदावर लिहिलेले दूरध्वनी क्रमांक आणि महत्त्वाचे कागद एका पिशवीत असावेत. घरात पाणी शिरण्यापूर्वीच मेन स्विच बंद करावा. गॅसचा वास आला तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. खिडक्या उघडून बाहेर पडावे. जनित्र घरात किंवा बंद व्हरांड्यात चालवू नये, त्याचा धूर झोपेतच प्राण घेतो.

आणि वस्तू घरात असणे म्हणजे सिद्धता नव्हे. ११ डिसेंबर २०२० रोजी भोपाळच्याच हमीदिया रुग्णालयातील कोरोना विभागाची वीज गेली आणि मदतीस असलेले जनित्रही थोड्याच वेळात बंद पडले. त्या रात्रीच्या मृत्यूंच्या कारणाविषयी वाद झाला. जनित्र ऐन वेळी थांबले याविषयी वाद नाही. इन्व्हर्टर, विजेरी, रेडिओ महिन्यातून एकदा चालवून पाहावे. शेजारी एकटी म्हातारी माणसे कोण आहेत, यंत्राच्या आधाराने श्वास घेणारा रुग्ण कोणत्या घरी आहे, हेही गल्लीला माहीत असावे. आपल्या घरापुरता दिवा लावून दार बंद करणे ही सिद्धता नव्हे, तो स्वार्थ होय.

परंतु घागर भरून ठेवणारी गृहिणी आपले कर्तव्य करीत असता अधिकाऱ्यांनी मौन धरावे, हे आम्ही चालू देता कामा नये. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात, धोक्याची माहिती परिसरातील जनतेलाही देण्याचे बंधन घालण्यात आले. कायद्याच्या पुस्तकातील ते बंधन किती गल्ल्यांपर्यंत पोचले? आपल्या शहराच्या वेशीवर कोणता कारखाना काय साठवितो, भोंगा वाजला तर कोणीकडे जावयाचे, धरणाचे पाणी सोडण्यापूर्वी सूचना कोण देणार, किती तास आधी देणार आणि कोणत्या भाषेत देणार, याची उत्तरे प्रत्येक नगरपालिकेने लोकांना समजेल अशा भाषेत चौकाचौकात लावली पाहिजेत. वाचकांनी ती आजच लेखी मागावीत. विषारी वारा आणि नदीचा पूर राज्यांच्या हद्दी विचारीत नाहीत. मग सूचनेने हद्दीवर का अडावे?

पाणी आम्ही भरून ठेवू, फडके आम्ही भिजवू. ते केव्हा भिजवावयाचे, हे वेळेवर सांगणे सरकारचे काम आहे. आणि ते काम करवून घेतल्यावाचून जनतेने स्वस्थ बसू नये.