खुर्चीने काय सांगावे?

घरच्या सिम्युलेटरसाठी मोशन सीट बांधायला घेतली की पहिली चौकशी मोटरींची होते. किती वजन पेलतील, खुर्ची किती अंश कलेल, झटका किती जोराचा बसेल? बांधणीचे तपशील आम्ही या मासिकात देतो आणि पुढेही देऊ. पण संगणकाने खुर्चीला नेमका कशाचा आदेश द्यायचा, हे वेल्डिंगच्या आधी ठरायला हवे. तिथे चूक झाली तर उत्तम बांधलेली खुर्चीही चालकाला खोटे शिकवते.

सेसना १७२ घेऊन डावीकडे ३० अंशांचे वळण चालू आहे, घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मधोमध आहे, असे समजा. खऱ्या विमानात तुमचे शरीर डावीकडे ओढले जात नाही. वजन सरळ आसनातच उतरते, फक्त सुमारे १.१५ पट झालेले असते. डोळे मिटले तर विमान सपाट उडते आहे असेच वाटेल. आपल्याकडच्या अनेक खुर्च्या मात्र विमानाचा कल जसाच्या तसा उचलतात. त्या डावीकडे झुकतात आणि वळण संपेपर्यंत तशाच राहतात. चालक डाव्या कुशीवर घसरतो आणि खांदा टेकवून स्वतःला सावरत बसतो. खऱ्या विमानात असे केव्हा होते? विमान वळणाच्या आतल्या बाजूला घसरत असेल तेव्हा. म्हणजे वळण अगदी बरोबर असताना ही खुर्ची ते चुकल्याचे सांगते.

बारामतीला किंवा गोंदियाला उड्डाण शिकणारा एखादा विद्यार्थी रोज संध्याकाळी अशा खुर्चीत बसला, तर त्याचा पाय नकळत डाव्या रडरकडे जाऊ लागेल. धावपट्टीकडे वळतानाच्या शेवटच्या वळणात, कमी वेगाला, आतल्या बाजूचा जादा रडर किती घातक असतो हे कोणत्याही प्रशिक्षकाला विचारा. स्पिनकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते. घरच्या सरावाचे तास अधिकृत नोंदवहीत चढत नाहीत, सवयी मात्र अंगात चढतात. म्हणून हा विषय आम्हाला केवळ हौसेचा वाटत नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. खुर्चीला विमानाचा कल पाठवू नका, शरीरावर येणारे बल पाठवा. एक्स-प्लेन हे सिम्युलेटर सॉफ्टवेअर उभ्या, पुढच्या-मागच्या आणि बाजूच्या अशा तिन्ही दिशांचे जी-बल स्वतंत्र आकड्यांत बाहेर पाठवू शकते. त्यातले बाजूचे बल खुर्चीच्या डाव्या-उजव्या झुकण्याला जोडले की संतुलित वळणात खुर्ची सरळ राहते आणि रडर चुकला तरच कलते. विमान वळणात शिरतानाची फिरकी जाणवायला हवी असेल, तर त्या क्षणापुरती छोटी, चटकन हालचाल द्या आणि खुर्ची हळूच मध्यावर परत आणा. या परत आणण्यालाच वॉशआउट म्हणतात.

ही युक्ती चालते ती आपल्या कानाच्या रचनेमुळे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना फिरण्यातला बदल कळतो. सेकंदाला दोन-तीन अंशांहून मंद फिरणे त्यांच्या सहसा लक्षातच येत नाही. शेजारच्या दुसऱ्या इंद्रियाला मागे झुकणे आणि पुढे वेग घेणे यांतला फरक एकट्याने सांगता येत नाही. म्हणून उड्डाणाच्या धावेत खुर्ची हळूहळू १० अंश मागे झुकवली की पाठीवर गुरुत्वाकर्षणाचा साधारण १७ टक्के भाग येतो, आणि पडद्यावर धावपट्टी मागे पळत असेल तर मेंदू त्याला वेग वाढणे समजतो. पण या गतीने १० अंश गाठायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. ब्रेक सुटतानाचा पहिला रेटा त्यातून मिळणार नाही. तो पाठीमागच्या सर्व्होवर चालणाऱ्या फळीने द्यावा लागेल. आमच्या मते दोन अक्षांच्या खुर्चीत पुढची गुंतवणूक तिसऱ्या मोटरीत करण्याआधी या फळ्यांत करावी. ६० अंशांच्या वळणातले दोन जी कोणतेही घरगुती यंत्र निर्माण करू शकत नाही. मांड्यांखालचा आणि पाठीवरचा बदलता दाब मात्र त्याची खूण पटवू शकतो. लष्करी सिम्युलेटरांत हेच काम हवेच्या पिशव्यांनी केले गेले.

हाताशी असलेल्या वस्तूंतून हलणारे सिम्युलेटर बांधणे नवे नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठीचा आपला ट्रेनर उभा केला तो बिंगहॅम्टनच्या घरच्या ऑर्गन-कारखान्यातले भाते वापरून. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणूक उद्यानांचे. १९३४ मध्ये लष्करी वैमानिक खराब हवेत टपाल नेताना मरू लागले, तेव्हा अमेरिकी लष्कराने सहा ट्रेनर घेतले. आजचे विमान कंपन्यांचे सहा पायांवरचे सिम्युलेटर त्याहून कितीतरी मोठे आहेत, पण तेही छोटी सुरुवात देऊन चोरपावलांनी मध्यावर परत येतात.

बांधणीबद्दल तीनच गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या वायपर मोटरीत बऱ्याचदा ऋण टोक धातूच्या आवरणालाच जोडलेले असते. गाडीत त्याने काही बिघडत नाही. आपण मात्र मोटर दोन्ही दिशांना फिरवतो, त्यामुळे तिचे आवरण लोखंडी चौकटीपासून विलग केले नाही तर शॉर्ट होऊन मोटर-ड्रायव्हरचे सर्किट जळते. दुसरे, इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण मोटरींच्या वीजपुरवठ्यावरच बसवा. मोटरींना आदेश देणाऱ्या आर्दुइनो बोर्डाला ‘थांब’ असे कळवणारे बटण आर्दुइनो अडकल्यावर निरुपयोगी ठरते. आणि तिसरे, यूजे क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) तोललेली खुर्ची घरात असेल, तर तिच्याखालच्या फटी जाळीने बंद करा. लहान मुलांची बोटे आधी तिथेच जातात.

शेवटी विलंबाची चाचणी. उशिरा आलेली हालचाल नसलेल्या हालचालीपेक्षा वाईट, कारण पोट तिथेच ढवळते. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो-मोशन चित्रीकरण करा. जॉयस्टिक, पडदा आणि खुर्ची एकाच चौकटीत घ्या. काठी हलल्यापासून खुर्ची हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. व्यावसायिक सिम्युलेटरांच्या नियमांतली मर्यादा १०० ते १५० मिलिसेकंदांच्या घरात असते. तुमचा आकडा याहून बराच मोठा निघाला तर आधी संगणकातले फिल्टर सैल करा, मोटरी मागाहून बदला. खुर्चीची छायाचित्रे पाठवताना हा आकडा आणि खुर्चीला कोणता आदेश जोडला आहे हेही कळवा. पुढच्या अंकापासून प्रत्येक खुर्चीच्या छायाचित्राखाली आम्ही ते छापणार आहोत.