शिवणक्लास झाले, रोजगाराचे काय?

वसई, प्रतिनिधी

महिलांना शिवणकामाचे प्रशिक्षण आणि शिलाई मशीन देणे ही महाराष्ट्रातील नागरी संस्थांची सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी योजना आहे. सत्ता बदलली, आयुक्त बदलले, योजनांची नावे बदलली. शिवणक्लास मात्र कायम राहिला. वसई-विरारमध्ये या योजनेला इतर शहरांपेक्षा अधिक अर्थ असायला हवा होता. कारण कपडे शिवणारे गाळे आणि कामाच्या शोधात असलेल्या महिला, दोन्ही येथे एकाच शहरात आहेत. तरीही त्यांची गाठ पडत नाही. महापालिकेच्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन पुन्हा लोकप्रतिनिधी आले. महिला व बालकल्याणाचा पैसा कोठे जावा, यावर आता सभागृहात चर्चा होऊ शकते. त्या चर्चेत पहिला प्रश्न हाच असला पाहिजे, की प्रशिक्षणावर खर्च होणारा रुपया पगारापर्यंत पोहोचतो का?

गिरणगावातून गाळ्यांकडे

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या सावरल्या नाहीत. कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांकडे गेले आणि कपडे शिवण्याचे काम लहान लहान कारखान्यांत विखुरले. परळ-लालबागची चाळ सोडून अनेक कुटुंबे पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकली आणि नालासोपारा, विरारला स्थिरावली. पाठोपाठ उद्योगही आले. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, तर नालासोपारा पूर्वेला पेल्हार या पट्ट्यात औद्योगिक गाळे उभे राहिले.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर जनगणना झालेली नसली, तरी शहर किती वाढले हे सकाळच्या विरार लोकलमधील गर्दी सांगते. याच लोकलने महिला रोज अंधेरी, गोरेगाव, दादरपर्यंत कामाला जातात. ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांच्या वाट्याला घरबसल्या मिळणारी कामे येतात. तयार कपड्यांचे धागे कापणे, टिकल्या व खडे लावणे, बटणे टाकणे आणि इमिटेशन ज्वेलरीची जुळणी ही ती कामे. कपड्याच्या धंद्यात महिला आहेतच. पण त्या सर्वांत खालच्या पायरीवर, नगामागे मिळणाऱ्या पैशांवर आहेत. मशीनवर बसणारा कारीगर बहुतांशी पुरुष असतो.

निधी आहे, दिशा नाही

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि आर्थिक-सामाजिक विकासाचे नियोजन हे दोन्ही विषय नागरी संस्थांच्या यादीत आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणी, रस्ते, गटारे पहिल्या यादीत येतात. रोजगार येत नाही. म्हणूनच राज्य शासनाने अर्थसंकल्पातील ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवण्याचे धोरण नागरी संस्थांना लागू केले. शिवणक्लास आणि शिलाई मशीनचा खर्च प्रामुख्याने याच तरतुदीतून होतो.

केंद्राकडूनही पैसा आला. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना सुरू झाली. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. कौशल्य प्रशिक्षण आणि त्यानंतर नोकरी हा या अभियानाचा एक प्रमुख घटक होता आणि तो शहर पातळीवर पालिकांमार्फत राबवला जाई. हे अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीच्या व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. ही योजना स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यासाठी आहे. नोकरी मिळवून देणे हा तिचा हेतू नाही.

मशीन वाटपाचे स्वरूप डिसेंबर २०१६ पासून बदलले. वस्तूऐवजी अनुदान थेट बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. खरेदीतील गैरव्यवहार आणि निकृष्ट मालाच्या तक्रारी पाहता तो योग्यच होता. परंतु आधी मशीन विकत घ्या, पावती दाखवा आणि मग अनुदान मिळवा, असा क्रम आला की ज्या महिलेकडे आरंभीची रक्कमच नाही ती योजनेबाहेर राहते. परिणामी ज्यांची गरज थोडी कमी, त्यांना लाभ आधी मिळतो.

वर्गात एक, गाळ्यात दुसरे

मूळ अडचण अभ्यासक्रमात आहे. नेहमीच्या शिवणक्लासमध्ये झबले-टोपडे, परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस असा क्रम असतो. माप घेणे, बेतणे, कापणे, शिवणे हे सगळे एकाच महिलेने करायचे. ही विद्या कमी दर्जाची मुळीच नाही. चाळीत किंवा सोसायटीत ब्लाउज शिवून देणारी महिला ग्राहकाकडून थेट पैसे घेते आणि आपल्या वेळेची मालक असते. पण एका वस्तीत अशा किती जणींचा चरितार्थ चालेल? दरवर्षी नवी तुकडी बाहेर पडली, की त्याच गल्लीतील तेवढीच कामे अधिक जणींत वाटली जातात आणि शिलाईचा दर खाली येतो.

गाळ्यातील काम निराळे आहे. तेथे एक जण कॉलर लावतो, दुसरा बाही, तिसरा खिसा. पायाने चालवायच्या मशीनऐवजी वेगवान पॉवर मशीन असते. शिवाय ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, काज-बटणाची मशीन. येथे कौशल्याचे माप म्हणजे एका तासात, दोष न ठेवता किती नग निघाले. घरगुती मशीनवर तीन महिने शिकलेली महिला या मशीनवर बसली, की पहिल्याच दिवशी मागे पडते. मग तिला धागे कापायला किंवा चेकिंगला बसवले जाते. प्रमाणपत्र असूनही ती पुन्हा त्याच खालच्या पायरीवर येते.

दुसरा अडसर कामाच्या वेळेचा. लहान कारखान्यांची घडण परगावाहून आलेल्या, अनेकदा गाळ्यातच राहणाऱ्या पुरुष कारीगरांना धरून झालेली आहे. ऑर्डरची घाई असेल तेव्हा रात्री उशिरापर्यंत मशीन चालते. पाणी भरून, मुलाला शाळेत सोडून येणारी आणि संध्याकाळी दिवेलागणीला परतावे लागणारी महिला या वेळापत्रकात बसत नाही. महिला टिकत नाहीत, असे मालक म्हणतात. टिकण्याजोगी व्यवस्थाच नाही, असे महिलांचे म्हणणे असते. दोन्ही खरे आहे, आणि प्रशिक्षणाची कोणतीही तुकडी हा पेच आपोआप सोडवत नाही. त्यासाठी पाळणाघर, स्वच्छतागृह, ठरलेली पाळी आणि स्थानकापासून सुरक्षित वाहतूक लागते. यातील निम्म्याहून अधिक गोष्टी पालिकेच्या हातातील आहेत.

गणवेशाचा धडा

प्रशिक्षित हातांना काम मिळवून देण्याचा एक मोठा प्रयोग राज्याने २०२४-२५ मध्ये केला. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील ४० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली गेली. कापड राज्य पातळीवरून घेण्यात आले आणि नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले. स्काउट-गाइडच्या गणवेशासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांना कापड आणि शिलाईचे १०० व इतर खर्चाचे १० असे गणवेशामागे ११० रुपये देण्यात आले.

कल्पना उत्तम होती, अंमलबजावणी फसली. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी गणवेश पोहोचले नाहीत. जे पोहोचले, त्यांची मापे बसत नसल्याच्या तक्रारी आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

यातून काय शिकायचे? महिलांना शिवता येत नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. शंभर रुपयांचे गणित मांडून पाहावे. एका महिलेने दिवसाला तीन गणवेश पूर्ण केले असे धरले, तर हाती ३०० रुपये येतात. त्यातून सुईदोरा, वीज आणि मशीनची दुरुस्ती वजा करायची. एवढ्या मिळकतीसाठी घाईच्या कामाला कोण वेळ देईल? कापड एका ठिकाणी, मापे दुसऱ्या ठिकाणी आणि शिलाई तिसऱ्या ठिकाणी, ही रचनाही नडली. मागणी हाती असली तरी रास्त दर, वेळेवर कापड आणि जवळचे अंतर नसेल, तर रोजगार उभा राहत नाही. वसई-विरारच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. महापालिका स्थापन झाल्यानंतरही शहरातील प्राथमिक शाळा दीर्घकाळ जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. त्यामुळे शालेय गणवेशासारखी हक्काची मागणी आपल्याच शहरातील गटांना मिळवून देण्याची संधी पालिकेच्या हाती आली नाही.

हिशेब कशाचा?

प्रशिक्षणाच्या प्रगती अहवालात साधारणतः दोन आकडे असतात. किती महिलांनी लाभ घेतला आणि किती रक्कम खर्च झाली. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जणी मशीनवर बसल्या आहेत, हा तिसरा आकडा नसतो. ही उणीव केवळ पालिकांची नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. अल्पमुदतीच्या व विशेष प्रकल्पांतील प्रमाणपत्रधारकांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच नोकरी मिळाल्याची नोंद त्यात आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे, ९४ टक्क्यांहून अधिक लाभार्थ्यांच्या बँक खात्याचा रकाना कोरा किंवा निरर्थक आढळला. केंद्राच्या योजनेत ही स्थिती असेल, तर ज्या स्थानिक योजनेची तपासणी क्वचितच होते तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

पालिकेला काय करता येईल?

पहिली गोष्ट, दोन उद्दिष्टे वेगळी करावीत. घरून व्यवसाय करू इच्छिणारीला कर्ज, ग्राहक आणि हिशेब ठेवण्याचे शिक्षण हवे. नोकरी हवी असणारीला पॉवर मशीनवरचा सराव हवा. दोघींना एकाच वर्गात बसवून दोघींचेही भले होत नाही. नोकरीसाठीचे प्रशिक्षण शक्यतो गाळ्यातच, मालकांशी आधी करार करून द्यावे आणि त्या काळात विद्यावेतन द्यावे. रोजंदारी बुडवून तीन महिने फुकट शिकणे गरीब महिलेला परवडत नाही.

दुसरी, मशीन घरोघर वाटण्याऐवजी पालिकेच्या एखाद्या इमारतीत सामायिक शिलाई केंद्र उभारावे. ओव्हरलॉक किंवा काज-बटणाची मशीन एकेकीला परवडणारी नसते; वीस जणींत ती सहज पेलते. तेथेच पाळणाघर असावे. केंद्र नालासोपारा पूर्वेसारख्या दाट वस्तीत, चालत जाण्याच्या अंतरावर असावे.

तिसरी, पालिकेने स्वतः ग्राहक व्हावे. सफाई कामगारांचे गणवेश, रुग्णालयांतील चादरी व उशांचे अभ्रे ही खरेदी होतच असते. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्यांचीही मागणी वाढली. मात्र निविदेतील उलाढालीची आणि अनामत रकमेची अट बचत गटांना दारातच अडवते. नियमांच्या चौकटीत राहून कामाचे लहान भाग पाडणे आणि देयके वेळेवर देणे एवढे केले, तरी वाट खुली होईल. दर ठरवताना किमान वेतन हा पाया धरावा. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसारही नगावर काम करणाऱ्यांना किमान वेतनाचे संरक्षण आहे. स्वतः पालिकाच त्याखाली गेली, तर गाळेमालकांना तिने काय सांगावे?

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक तुकडीतील महिलांची सहा महिन्यांनी आणि वर्षाने चौकशी करून किती जणी कामावर आहेत व किती कमावतात, हे प्रभागनिहाय जाहीर करावे. नावे देण्याची गरज नाही, आकडे पुरेत. संस्थेला प्रशिक्षणाच्या रकमेचा शेवटचा हप्ता हे आकडे पाहूनच द्यावा.

कपड्याचा धंदा हंगामी आहे आणि रोजगार देणे हे पालिकेचे मूळ काम नाही, असा आक्षेप येईल. तो अगदीच गैरलागू नाही. पण पैसा खर्च होतोच आहे. वाद आहे तो त्याच्या फळाचा. पुढील अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणाच्या शीर्षाखाली शिवणकामाची तरतूद पुन्हा दिसेल. सभागृहातील एखाद्या सदस्याने उठून गेल्या तुकडीतील किती जणींना काम लागले, एवढे विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत बसण्यास नकार दिला, तरी या योजनेची खरी सुरुवात होईल.