बिंबाणूंची गणती आणि वर्तणूक

पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ आली की घरोघरी ‘प्लेटलेट किती?’ ही एकच विचारपूस सुरू होते आणि उत्तर लाखांऐवजी हजारांत आले, तर मंडळी पपईच्या पानांच्या शोधात निघतात. ही आस्था मी गैर मानीत नाही. परंतु इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली ज्यांचे कार्य प्रथम विशद केले, ते बिंबाणू (म्हणजेच प्लेटलेट) संख्येने पुरेसे असले म्हणजे त्यांची वर्तणूकही नेमस्त असणार, हा या आकड्याच्या आश्रयाने रूढ झालेला समज मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बिंबाणूला केंद्रक नाही आणि त्याचे आयुष्यही सात ते दहा दिवसांचेच. तथापि अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात उतरणारे अ‍ॅड्रिनॅलिन ओळखणारी ग्राहके त्याच्या आवरणावर असतात. हे संप्रेरक एकटे फारसे काही घडवीत नाही. पण जखमी रक्तवाहिनीतील कोलॅजेनचा, एरवी अपुरा पडला असता असा क्षीण इशारा बिंबाणूला मिळालेला असताना या संप्रेरकाची ताकीद वरून पोहोचली, की तोच इशारा गुठळीस पुरेसा ठरतो. शिवाय प्लीहेत राखीव असलेले बिंबाणूही ते रक्तात आणते, म्हणजे ज्या आकड्यावर आपली एवढी भिस्त, तोही सर्वस्वी स्थिर नव्हे. इन्सुलिनची तऱ्हा उलट आहे: निरोगी शरीरात ते बिंबाणूंना आवरते, आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या देहात हा अंकुश ढिला पडतो. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनाचा दोष मुख्यत्वे यकृतात निर्माण होणाऱ्या प्रथिनांच्या वाटेने घडत असल्याने ते प्रकरण निराळ्या दफ्तरातले होय.

हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक येतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८५ साली दाखविले. त्याच मंडळींनी १९८७ साली निरोगी पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा बिंबाणूंची एकमेकांस चिकटण्याची प्रवृत्ती सकाळी वाढलेली दिसली, आणि तीच माणसे उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहिली असता ही वाढ आढळली नाही. अर्थात दोष घड्याळाचा नसून उठून उभे राहण्याचा व त्यासरशी रक्तात चढणाऱ्या संप्रेरकांचा असावा, असे मानण्यास जागा आहे. (आळशी वाचकांनी यावरून सनद मिळाल्यासारखे मानू नये.)

म्हणूनच बिंबाणूंची कार्यक्षमता तपासणाऱ्या प्रयोगशाळांना माझी विनंती आहे, की रक्त किती वाजता घेतले आणि त्यापूर्वी रुग्ण किती वेळ स्वस्थ होता, या दोन बाबी अहवालात निरपवाद नोंदवाव्यात.