व्हिस्कीचा पेला आणि ग्रंथालयाची तिजोरी

ग्रंथालयाची नेहमीची वेळ संपली की वाचनकक्षातील टेबले बाजूला सारायची, त्यांवर पाच-सहा प्रकारच्या व्हिस्कीचे छोटे पेले मांडायचे, एखाद्या लेखकाला नव्या पुस्तकातील उतारा वाचण्यासाठी पाचारण करायचे आणि या साऱ्याचे तिकीट लावून जमलेला पैसा त्याच ग्रंथालयाच्या हवाली करायचा, हा प्रकार अमेरिकेत आता नवलाईचा राहिलेला नाही. 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' या नावाने गावोगावी असलेली स्वयंसेवी मंडळे जुन्या पुस्तकांची विक्री करतात, त्याचप्रमाणे अशा संध्याकाळीही भरवतात. तिकिटाची रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल, तर त्यातील किती पैसा मद्याचा व किती देणगीचा, हे मंडळाने देणगीदाराला लेखी कळवावे लागते. कारण करसवलत मिळते ती फक्त देणगीच्या भागाला. व्यवहार इतका चोख असतो.

मराठी वाचकाच्या कपाळावर हे वाचून आठी पडणे स्वाभाविक आहे. सरस्वतीच्या मंदिरात मद्याचा पेला ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही. परंतु या प्रश्नाची नैतिक बाजू वाटते तितकी सरळ नाही, आणि खरे तर ती महत्त्वाचीही नाही. खरा प्रश्न हिशेबाचा आहे.

इतिहासातील गंमत अशी की, सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना ब्रिटिश संसदेत शिरली तीच मुळी दारूवरचा उतारा म्हणून. १८३४ साली दारूबाजीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने, कामगारांना गुत्त्यापासून दूर ठेवायचे तर त्यांच्यासाठी बागा, वाचनालये आणि संग्रहालये हवीत, असे सांगितले. या समितीचे अध्यक्ष होते जेम्स सिल्क बकिंगहॅम. 'कलकत्ता जर्नल'मधून कंपनी सरकारवर टीका केल्याबद्दल १८२३ मध्ये हिंदुस्थानातून हद्दपार झालेले संपादक ते हेच. पुढे १८५० मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व नगरपालिकांना पौंडामागे अर्धा पेनी कर बसवण्याची मुभा मिळाली. (आपले कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिरही त्याच वर्षीचे.) त्या कायद्यातील एक तरतूद आज विचित्र वाटते. कराचा पैसा इमारतीवर व नोकरांवर खर्च करता येई, पुस्तकांवर नाही! पुस्तके दानातून यावीत, अशी अपेक्षा होती. पाच वर्षांतच ती फोल ठरली आणि १८५५ च्या कायद्याने पुस्तक खरेदीलाही परवानगी दिली.

आणि व्हिस्की म्हणाल, तर स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स १७८९ पासून अबकारी खात्यात नोकरीला होता, म्हणजे व्हिस्कीवरचा कर वसूल करणे हे त्याच्या पोटापाण्याचे काम. त्याच सुमारास त्याने एका जमीनदार मित्राच्या साहाय्याने डन्स्कोर परिसरातील शेतकऱ्यांसाठी वर्गणीवर चालणारे वाचनालय उभे केले आणि त्याची व्यवस्थाही सांभाळली. अँड्र्यू कार्नेगी हाही स्कॉटलंडचाच. त्याने १८९१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना स्कॉच व्हिस्कीचे पिंप भेट पाठवले, याची चर्चा वृत्तपत्रांतून बरीच झाली. हाच कार्नेगी जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा देऊन गेला. मात्र त्याची अट सहसा विसरली जाते. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी कराच्या उत्पन्नातून ग्रंथालयाच्या खर्चासाठी बांधून द्यायची, हे मान्य असेल तरच इमारत मिळे. काही गावांनी ही अट नको म्हणून देणगीच नाकारली. पोलादाच्या धंद्यात कामगारांशी निष्ठुरपणे वागलेल्या या माणसाला एवढे निश्चित कळत होते की, दानातून इमारत उभी राहते. पण ती उघडी ठेवायला दररोजचा पैसा लागतो आणि तो दात्याच्या लहरीवर सोपवता येत नाही.

याचा पडताळा न्यूयॉर्कने नुकताच घेतला. देणगीदारांच्या बाबतीत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीशी बरोबरी करू शकणारे ग्रंथालय विरळाच. 'लायब्ररी लायन्स' हा तिचा निधिसंकलनाचा भोजनसमारंभ १९८१ पासून होतो आणि त्यात नामवंत लेखकांचा सन्मान केला जातो. असे असूनही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महापौरांनी खर्चात कपात करताच शहरातील ज्या शाखा रविवारी उघड्या असत, त्यांतील बहुतेकांना त्या दिवशी कुलूप लागले. कामकरी माणसाला आणि शाळकरी मुलांना ग्रंथालयात जायला सवड असते ती नेमकी रविवारी. धनिकांच्या मेजवान्यांनी ते कुलूप उघडले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयांसाठी ५ कोटी ८३ लाख डॉलर परत घालण्यात आले, तेव्हाच ते उघडले. मार्च २०२५ मध्ये तर अध्यक्ष ट्रम्प यांनी ग्रंथालये व संग्रहालयांना साह्य करणारी केंद्रीय संस्थाच शक्य तितकी गुंडाळण्याचा आदेश काढला आणि एकवीस राज्यांना न्यायालयात धाव घ्यावी लागली. या संस्थेचा वार्षिक खर्च तीस कोटी डॉलरच्या आतबाहेरचा, म्हणजे माणशी एक डॉलरही नाही. ब्रिटनची कथा याहून वाईट आहे. २०१० नंतरच्या काटकसरीच्या दशकात तेथील सुमारे आठशे ग्रंथालये बंद पडली. कित्येक स्वयंसेवकांच्या गळ्यात बांधून सरकारी खर्चातून वगळण्यात आली.

व्हिस्कीच्या संध्याकाळी याच पार्श्वभूमीवर पाहायला हव्यात. त्यांतून बालविभागाला नवी पुस्तके मिळतील, गळके छप्पर एकदा दुरुस्त होईल, चार नवे लोक ग्रंथालयाची पायरी चढतील. हे सारे स्वागतार्हच. पण ग्रंथपालाचा पगार, वीजबिल आणि रविवारची पाळी यांची सोय तिकीटविक्रीतून होत नाही. शिवाय महागडे तिकीट घेणारे लोक सुखवस्तू वस्तीतच सापडतात, म्हणजे ज्या ग्रंथालयाला गरज कमी त्यालाच जास्त मिळते. आणि ज्या दारातून कोणीही विनामूल्य आत येऊ शकतो तेथे, एका संध्याकाळपुरते का होईना, वय आणि ऐपत तपासूनच प्रवेश मिळतो. लोक पैसा जमवतातच आहेत, मग आपण कशाला द्यावा, असा विचार राज्यकर्त्यांच्या मनात शिरायला वेळ लागत नाही, हा धोका तर याहून मोठा आहे.

आपल्याकडे अशी संध्याकाळ भरण्याची शक्यता कमी. मद्यपरवान्यापासून जनक्षोभापर्यंत अडथळे अनेक. शिवाय जाहिरातबंदीमुळे सोडा आणि संगीताच्या आडून नाव मिरवणाऱ्या मद्य कंपन्यांना ग्रंथालय ही आणखी एक सोयीची आड मिळेल. पण म्हणून आपण नाक मुरडावे अशीही स्थिती नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, ते वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षून. हा पैसा सरकारी तिजोरीत जातो आणि त्याच तिजोरीतून ग्रंथालयांना अनुदान मिळते. मधली पावती दिसत नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये ती पावती एकदा दिसली होती. १८९० साली बिअर व स्पिरिटवर वाढवलेल्या करातून गुत्तेवाल्यांना परवान्यांची भरपाई द्यायचे ठरले. दारूबंदीवाल्यांनी त्याविरुद्ध रान उठवले. तोवर पैसा तर जमू लागला होता. तो मग तंत्रशिक्षणासाठी जिल्हा मंडळांकडे वळवण्यात आला. 'व्हिस्की मनी' याच नावाने तो ओळखला जाई आणि त्यावर अनेक तंत्रशाळा उभ्या राहिल्या. त्यात दोषही होता. लोक कमी प्याले की शिक्षणाचा पैसाही आटे.

भारतात स्वातंत्र्यापूर्वी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला. त्यानंतर १९४८ मध्ये मद्रासने केलेल्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात मात्र उपकर नाही. येथील हजारो वाचनालये स्थानिक संस्था चालवतात आणि ती अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार मिळणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. हप्ता लांबला की पहिली झळ ग्रंथपालाच्या तुटपुंज्या वेतनाला बसते.

शेजारच्या गोव्याने वेगळी वाट निवडली. तेथील १९९३ च्या ग्रंथालय कायद्यात मालमत्तेऐवजी विदेशी मद्य व बिअर यांच्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा करण्याची तरतूद आहे. पेले मांडायला नकोत, तिकिटे खपवायला नकोत, लेखकाला आमंत्रण नको. पिणारा कुठेही प्याला तरी त्याचा वाटा ग्रंथालयाच्या नावावर लागतो. ब्रिटनच्या 'व्हिस्की मनी'तील दोष यातही आहे, आणि त्यासाठी सरकारी अनुदानाची किमान पातळी कायद्यातच बांधून घ्यावी लागेल. पण १४ हजार कोटींच्या वाढीव उत्पन्नातील किती पैसे ग्रंथालयांच्या नावे लिहायचे, ही चर्चा अर्थसंकल्पी अधिवेशनात होऊ शकते, आणि तिच्यासाठी १९६७ च्या कायद्यात एका कलमाची भर पुरेशी आहे.