संशोधनाचा प्रस्ताव, त्याचे इंग्रजी व आमची खारभूमी

शेतीविषयक संशोधनास सरकारी साह्य मिळवावयाचे तर प्रथम प्रस्ताव लिहावा लागतो, व तो बहुधा इंग्रजीत असतो. भारतीय कृषि अनुसंधान परिषद १९२९ साली स्थापन झाली. अशा अखिल भारतीय संस्थांपुढे जाणारा प्रस्ताव तपासणारा विद्वान बंगालचा असेल, पंजाबचा असेल. त्यास आमची मराठी कळावी कशी? म्हणून इंग्रजी नकोच, असा हट्ट आम्ही धरीत नाही. ते सुधारलेले असावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सुधारणे म्हणजे काय, याविषयी फार गैरसमज दिसतो.

पुष्कळांची समजूत अशी की, भारदस्त शब्द व लांबलचक वाक्ये घातली म्हणजे इंग्रजी सुधारले. मग मसुदा एखाद्या भाषापंडिताकडे जातो, अथवा हल्ली संगणकाकडून घासूनपुसून घेतला जातो. व्याकरण शुद्ध होते. पण ज्याने खाजण पाहिले नाही त्यास अर्थातील चूक दिसणार कोठून? आणि नुकसान होते ते त्याच चुकीने.

उदाहरण आमच्या रायगडच्या किनाऱ्याचेच घेऊ. धरमतर खाडीच्या काठी, पेण व अलिबाग तालुक्यांत, बांधाला खांड पडली की उधाणाचे पाणी भातशेतीत शिरते. खांड वेळीच बुजविली नाही तर पुढे तेथे खारफुटी माजते. हा फुटलेला बांध पुन्हा घालून जमीन पिकाखाली आणणे, यास इंग्रजीत सर्रास ‘रेक्लमेशन’ म्हणतात. परंतु मुंबईची बॅकबे ज्यास ठाऊक आहे तो या शब्दाचा अर्थ समुद्र हटवून नवी जमीन काढणे असाच घेणार! २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात खारफुटीच्या तोडीस मनाई केल्यानंतर तर असा संशय प्रस्तावास मारकच ठरावयाचा. त्यापेक्षा ‘पूर्वी भात पिकत असलेल्या जमिनीच्या बांधाची दुरुस्ती’ असे साधे इंग्रजी लिहावे, व बांध कोणत्या साली फुटला तेही सांगावे. खारफुटी उगवली असेल तर तेही स्पष्ट लिहावे. शब्द बदलून वस्तुस्थिती झाकणे ही सुधारणा नव्हे, लबाडी होय.

दुसरे उदाहरण जमिनीच्या जातीचे. ‘सलाईन’ व ‘सोडिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत योजले जातात. पहिलीत विरघळणारे क्षार अधिक. ते पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे काढता येतात. दुसरीत मातीच्या कणांस सोडियम चिकटलेला असतो; तेथे जिप्सम घालून मग पाणी द्यावे लागते. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था (स्थापना १९६९) उत्तरेकडील अशा जमिनीवरील कामासाठी प्रसिद्ध आहे. तिकडील परीक्षकाने चुकीचा शब्द वाचला तर जिप्समचा हिशेब कोठे आहे, असेच तो विचारणार. आणि ज्या बांधाला व उघाडीला पैसा हवा ती बाजूलाच राहणार!

तीच गोष्ट बियाण्याची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून निघालेली पनवेल १, २ व ३ ही भाताची वाणे क्षार काही मर्यादेपर्यंत सहन करतात. त्यांस ‘टॉलरंट’ म्हणावे. भाषा जोरकस करण्याच्या भरात कोणी ‘रेझिस्टंट’ लिहिले, तर क्षाराचा त्यांवर परिणामच होत नाही असा समज होऊन अपेक्षा भलतीच वाढते. तसेच उत्पन्न एकरी खंडीत लिहून भागत नाही, कारण खंडी गावोगाव निराळी. हेक्टरी किलो लिहावेत; ४० गुंठ्यांचा एकर व सुमारे अडीच एकरांचा हेक्टर, हा हिशेब आमच्या वाचकांस अवघड नाही.

यावर उपाय आम्हांस असा सुचतो. प्रस्तावकर्त्याने आधी मराठीत एक पान लिहावे : अडचण कोणती, कोणत्या जमिनीवर काय करणार, मोजणार काय, खर्च किती. ते गावच्या सभेत वाचावे. जे तेथे उलगडत नाही ते लेखकाच्या मनातही उलगडलेले नसते, मग इंग्रजीने ते कसे उलगडावे? त्यानंतर लहान वाक्यांत इंग्रजी करावे. खाजण, खांड, उघाडी हे शब्द तसेच ठेवून एकदाच अर्थ द्यावा; खाजणास ‘वेस्टलँड’, म्हणजे पडीक, म्हणून मोकळे होऊ नये. शेवटी सुधारलेल्या इंग्रजीचा आशय पुन्हा मराठीत त्याच मंडळींस सांगावा. ‘हे आमचे शेत नव्हे’ असे कोणी म्हणाला तर मसुदा परत हाती घ्यावा.

यात आमच्या शेतकरी बंधूंचेही कर्तव्य आहे. प्रयोगासाठी शेताचा तुकडा देताना संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे मराठी पान अवश्य मागावे. जमीन आमची, बांध आमचा. त्याविषयी परक्या भाषेत काय लिहिले गेले हे जाणण्याचा अधिकारही आमचाच आहे.