बंद पडलेला लॅपटॉप आणि फिटर बाबा



या सदरात आपण रेशनकार्डापासून जात पडताळणीपर्यंत बरेच विषय बोललो. आजचा विषय यंत्राचा आहे, पण तोही तुमच्या-आमच्या घरातलाच. जुना लॅपटॉप अपडेट अर्धवट राहून बंद पडला, तर काय करायचे? ज्या घरात बापाने ओव्हरटाइम करून मुलीला जुना लॅपटॉप घेऊन दिला आहे, त्या घरात तो बंद पडला की दोन दिवस कोणाला जेवण गोड लागत नाही. म्हणून हा लेख.

गोष्ट २०२५ च्या पावसाळ्यातली. कल्याण पूर्वेला आमच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते. रविवारची वंदना झाली, लोक छत्र्या-चपला शोधू लागले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी सॅक पोटाशी धरून मागे थांबली. तिचे नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. म्हणाली, "काका, लॅपटॉप गेला."

काय झाले ते विचारले. रात्री लॅपटॉप बंद करताना अपडेट सुरू झाले होते. अर्धे झाले आणि वस्तीतली वीज गेली. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बसलेली, त्यामुळे लॅपटॉप त्याच क्षणी बंद. वीज आल्यावर बटण दाबले तर कंपनीचे नाव येते, खाली ठिपके गोल फिरतात, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर' असे येते आणि पुन्हा काळा पडदा. दुकानात दाखवला तर दुकानदार दोन मिनिटांत म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, आठशे रुपये, डेटाची गॅरंटी नाही." घरी वडील चिडले, "कशाला हात लावलास?"

मी विचारले, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे का आत?"

"प्रोजेक्ट आहे. शिष्यवृत्तीचे दाखले स्कॅन केलेले आहेत. ते पुन्हा करता येतील काका. पण आजीच्या ओव्या आहेत."

आजी आदल्या वर्षी गेली. बाबासाहेबांवरच्या तिच्या ओव्या नातीने मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. मोबाइल भरला म्हणून त्या लॅपटॉपवर घेतल्या आणि मोबाइलमधून पुसून टाकल्या. दुसरी प्रत कुठेही नाही. फॉरमॅट मारला असता तर आठशे रुपये देऊन आजीचा आवाज आपल्याच हाताने पुसला गेला असता.

आमच्या विहारात एक बाबा येतात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. लॅपटॉप त्यांनी जन्मात चालवला नाही. ते ऐकत बसले होते. त्यांनी विचारले, "पोरी, नीट कधीपर्यंत चाललं? आणि त्यानंतर काय बदललं?"

"अपडेट, बाबा."

"मग मशीन मोडलेलं नाही. काम अर्धं राहिलंय. मोडलेलं आणि अर्धं राहिलेलं, दोन्ही वेगळं असतं."

मी ऑफिसात वीस वर्षे संगणकावर बसतो, पण हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. संध्याकाळी आम्ही दोघे मुलीच्या घरी गेलो. बाबा क्रम सांगत होते, मी बटणे दाबत होतो. तोच क्रम खाली देतो. कात्रण काढून ठेवावे.

पहिली गोष्ट, लाइन बघा. बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का? दिवाच लागत नसेल तर दोष चार्जरचा, पिनचा किंवा विजेचा असू शकतो, अपडेटचा नव्हे. दुसऱ्याचा त्याच प्रकारचा चार्जर लावून बघावा. दिवा लागतो आणि कंपनीचे नाव दिसते, म्हणजे यंत्रात जीव आहे. पडद्यावर जे अक्षर येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, धीर धरा. 'अपडेट चालू आहे' किंवा 'बदल मागे घेत आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसत असेल आणि हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर बटणाला हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कला दोन-तीन तासही लागतात. घाईने बंद करणे हाच पुष्कळदा बिघाड असतो.

तिसरी गोष्ट, लोड काढा. पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर, सगळे काढावे. मग चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढावी आणि चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत उरलेली वीज निघून जाते. मग फक्त चार्जर लावून सुरू करावे. कितीतरी लॅपटॉप एवढ्यावरच उठतात. आमचा उठला नाही.

चौथी गोष्ट, दुरुस्तीच्या खोलीत जा. विंडोजमध्ये अशी एक वेगळी खोली असते. पुरेसा वेळ देऊनही लॅपटॉप अडकलेलाच असेल, तर कंपनीचे नाव आले की बटण दाबून धरून बंद करायचे. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की पुढच्या वेळी निळा पडदा येतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', मग पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. इथे 'स्टार्टअप रिपेअर' आहे, ते आधी करून बघावे. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, त्याने शेवटचे अपडेट काढता येते. दर महिन्याचे छोटे अपडेट आणि वर्षाकाठी येणारे मोठे अपडेट, असे दोन पर्याय दिसतात. मोठे अपडेट साधारण दहा दिवसांच्या आतच मागे घेता येते, म्हणून दिवस घालवू नयेत. 'सिस्टिम रिस्टोअर'ने आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीवर जाता येते. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून लॅपटॉप नव्याने सुरू करून चार आकडा दाबला की 'सेफ मोड' मिळतो, म्हणजे कमीत कमी सामानावर लॅपटॉप सुरू होतो.

एखाद्या लॅपटॉपवर मध्येच बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागतात. घाबरू नका. लॅपटॉप पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला असेल, त्या खात्यात दुसऱ्याच्या मोबाइलवरून शिरले तर ती किल्ली बहुधा तिथे जपून ठेवलेली सापडते. ती नसेल तर आतली कागदपत्रे निघत नाहीत. म्हणून खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा.

आम्ही 'स्टार्टअप रिपेअर' केले. जमले नाही असे उत्तर आले. मुलीचा चेहरा उतरला. मी दुसरे बटण दाबायला गेलो, तेव्हा बाबांनी माझा हात धरला. "थांबा. भिंत पाडायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढतात की नाही?"

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. विंडोज बंद पडली म्हणजे तुमची कागदपत्रे गेली असे नाही. घराचे दार अडकले तरी कपाटातले दागिने जागेवरच असतात. दुसऱ्या दाराने आत जायचे. आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर, चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावरून, लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली तयार करून घेता येते. पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवा. लॅपटॉप सुरू करताना कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते. 'इन्स्टॉल'ला हात लावायचा नाही. आतल्या फायली दिसतात, त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. हे जमत नसेल तर दुकानदाराला सांगा की डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून द्या. ती दुसऱ्या संगणकाला जोडून कागदपत्रे काढता येतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा सुरू करू नका, जाणकाराकडे द्या.

मी घरून पेनड्राइव्ह तयार करून आणला. फायली उतरायला दोन तास लागले. ओव्यांच्या फायली उतरल्यावर मुलीने पहिली लावली. आधी आजीचा खोकला, मग आजीचा प्रश्न, "सुरू झालं का गं?" मुलीचे वडील दारात उभे होते. ते आत येऊन खाली बसले. कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर आम्ही 'अनइन्स्टॉल अपडेट्स' केले आणि लॅपटॉप उठला. पण उठला नसता तरी त्या रात्री त्या घरात कोणी रडले नसते. फॉरमॅट हा उपाय वाईट नाही. तो शेवटचा आहे, आणि कागदपत्रे बाहेर काढल्यावरचा आहे. 'रिसेट धिस पीसी' करताना 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असे दोन पर्याय येतात. दुसऱ्याने सगळे जाते. पहिल्याने तुमच्या फायली राहतात, पण वरून टाकलेले प्रोग्राम जातात. वाचून मगच बटण दाबावे.

आता त्या "कशाला हात लावलास?" बद्दल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. हा आकडा मायक्रोसॉफ्टने दिलेला आहे. विमाने रद्द झाली, आपल्या देशातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कितीतरी ठिकाणी उपाय एवढाच होता की सेफ मोडमध्ये जायचे आणि ती एक खराब फाइल काढायची. जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांच्या हातून हे होते, तर वीज गेल्यामुळे अपडेट तुटले यात एका मुलीचा काय दोष? आपल्या मुलींना यंत्रापासून लांब ठेवण्याचे काम दुसऱ्यांनी पुष्कळ केले. ते आपण घरात करू नये.

एक सावधगिरी. पडद्यावर "या नंबरवर फोन करा" असे आले तर फोन करू नका. खरी दुरुस्ती असा नंबर देत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून करखात्याचे अधिकारी असल्याचे सांगून अमेरिकेतल्या लोकांना धमकावून पैसे काढले जात होते. शिकलेली माणसे भीतीने फसली. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

आणखी एक गोष्ट जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती संगणकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत जाहीर केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. म्हणून ते भंगारात द्यायचे नाहीत. लिनक्स मोफत आहे, जुन्या यंत्रावर चालते, मराठी टायपिंग होते, अर्ज भरता येतात, प्रोजेक्ट लिहिता येतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जुना लॅपटॉपही चांगला पळतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी व्हाइसरॉयकडे आपल्या समाजासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या आणि तांत्रिक प्रशिक्षण मागितले होते. आपले वडील-आजोबा माटुंगा-परळच्या वर्कशॉपात, अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रांशी झुंजत आले. दोष शोधायची विद्या आपल्या घरात आहेच. आधी दुखणे मान्य करायचे, मग कारण शोधायचे, ते दूर होऊ शकते हे जाणायचे, आणि मग पायरीपायरीने मार्ग धरायचा. तथागतांनी माणसाच्या दुःखाकडे याच क्रमाने पाहिले. यंत्राच्या दुखण्याला वेगळा क्रम कशाला हवा?

तेव्हा आजच तीन गोष्टी करा. घरातली महत्त्वाची कागदपत्रे, फोटो, आवाज यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. बॅटरी बसलेली असेल तर पावसाळी रात्री अपडेट लावू नका. आणि पासवर्ड वहीत लिहा. आमच्या विहारात आता लिनक्सचा एक पेनड्राइव्ह कपाटात ठेवलेला असतो, किल्ली त्या मुलीकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर ती वस्तीतल्या मुलांचे लॅपटॉप बघते. फिटर बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "नीट कधीपर्यंत चाललं?"

तुमच्याही विहारात अशी एक खुर्ची ठेवा. जयभीम.