कुलूपबंद कपाटे आणि लातूर पॅटर्न

शाळेचे ग्रंथालय गोष्टींच्या पुस्तकांपुरते असते, नीट किंवा सीईटी तेथे बसून साधत नाही, हे मत लातूर-नांदेडकडे इतके सर्वमान्य झाले आहे, की त्याविरुद्ध बोलणारा इसम निवृत्त ग्रंथपालच असावा, असा श्रोत्यांचा ग्रह होतो. लातूरच्या उद्योग भवन परिसरात वा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात, परभणी-हिंगोलीकडून आलेली मुले खोली, मेस, क्लास आणि अभ्यासिका अशा चार ठिकाणी वडिलांचा पैसा पोहोचविताना दिसतात. आणि ही अभ्यासिका म्हणजे काय, तर लाकडी आडोशाचे टेबल, मोबाइल चार्ज करण्याची सोय, भिंतीवर शांततेची ताकीद, आणि पुस्तक म्हणाल तर एकही नाही.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार खुद्द लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जे नाव कमावले, ते प्रश्नपत्रिकांच्या अखंड सरावाने, ग्रंथवाचनाने नव्हे, असे सांगितले जाते. सरावाचे माहात्म्य मलाही मान्य आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले; परंतु आठवड्यानंतर, ज्यांनी मध्यंतरी स्वतःच्या स्मरणाची परीक्षा घेतली होती, तेच त्यांच्या पुढे गेले. मात्र त्या विद्यार्थ्यांनीही उतारा आधी वाचलाच होता, ही गोष्ट पॅटर्नचे अभिमानी सोयीस्करपणे विसरतात. शिवाय उत्तर चुकले तर ते का चुकले, याचा निवाडा उत्तरसूचीतील ‘क’ हे अक्षर करीत नाही; त्यासाठी मूळ ग्रंथाकडेच रुजू व्हावे लागते.

नीटच्या 720 गुणांपैकी 360 गुण जीवशास्त्राचे, आणि त्या विषयाचे प्रश्न एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतील वाक्यांना किती लगटून चालतात, हे क्लासचे शिक्षकही जाणतात. मेंडेलने वाटाण्याचे शुद्ध वाण जोड्यांच्या रूपाने किती निवडले, असे 2020 साली विचारले गेले. टिपणांत सात लक्षणे ठळक अक्षरांत असतात व तीच मुखोद्गत होतात. चौदा वाणांची नोंद पाठ्यपुस्तकातील एका साध्या वाक्यात आहे आणि ती सापडते त्याला, जो ते पान शांतपणे वाचतो.

ग्रंथालयातील पुस्तके जुनी असतात, हा दुसरा आक्षेप अंशतः खरा आहे. एनसीईआरटीने अलीकडे पाठ्यक्रम आटोपता घेतला, ‘पचन व अभिशोषण’ यांसारखी प्रकरणे गळाली, आणि 2024 पासून नीटचा अभ्यासक्रमही त्याला धरून बेतला गेला. परंतु जुन्या प्रतीत आज अनावश्यक झालेला मजकूर अधिक आहे, एवढाच बहुतांशी त्याचा अर्थ. अधिकृत अभ्यासक्रमाची यादी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटविली की दोष निवारण होतो, आणि त्याला डिंकाखेरीज खर्च नाही.

खरी अडचण निराळीच आहे व तिची वाच्यता कोणी करीत नाही. पुस्तक एकदा दाखल-नोंदवहीत चढले, की ते ग्रंथपालाच्या जबाबदारीवर येते. तपासणीत ते गहाळ आढळले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, या धास्तीने तो कपाटाची किल्ली खिशाबाहेर काढीत नाही. कित्येक शाळांत तर स्वतंत्र ग्रंथपालच नाही. एखाद्या शिक्षकाकडे तो कारभार जादा म्हणून सोपविलेला असतो. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून मांडले; मद्रासपाठोपाठ 1955 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणाऱ्या हैदराबाद राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. तरी कपाटे बंदच.

तेव्हा झीज आणि गहाळ होणे काही प्रमाणात गृहीत धरून ते निर्लेखित करण्याची मुभा संस्थाचालकांनी लेखी द्यावी. एनसीईआरटी व बालभारतीच्या दोन-दोन प्रती घरी न देता टेबलावरच ठेवाव्यात, मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका बांधून घ्याव्यात आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शास्त्रीय परिभाषाकोश हाताशी असावा. किनवट-मुखेडकडील ज्या मुलीला घरचे लोक लातूरला धाडणार नाहीत, तिच्यासाठी हा पर्याय क्लासला पूरक नव्हे, एकमेव आहे. ग्रंथपालाला भौतिकशास्त्र कोठे येते, असे कोणी विचारील. त्याला ते येण्याची गरज नाही, कोणते पुस्तक कोठे आहे हे आले की पुरे. आणि नीट व सीईटी ज्या एप्रिल-मेमध्ये येतात, नेमक्या त्याच महिन्यांत उन्हाळी सुट्टीचे कारण सांगून उच्च माध्यमिक शाळांची ग्रंथालये बंद ठेवण्याची जी वहिवाट पडली आहे, ती यंदापासून मोडावी. पगारी शिपाई आणि एक शिक्षक यांची पाळी लावली, तर तेवढ्यावर भागेल.